पाण्यावरची जाड रेषा

फोन बरगी धरणाच्या जलाशयावरून आला. ओळखीचा मासेमार होता. "बाबूजी, वसंत भैया नहीं रहे." होडी पाण्याखालच्या खोडावर आदळून उलटायला आली, शिडाचा आडवा दांडा त्याच्या डोक्याला लागला आणि तो पाण्यात पडला... मग, काहीतरी बोलायला हवं म्हणून असेल, तो म्हणाला, "मशीन तो अब भी चालू है."

त्याला आता महिना होईल. वसंता माझा चाळीस वर्षांचा मित्र. कारखान्यात लेथ चालवायचा आणि निवृत्तीनंतर त्याने प्लायवूडची ही शिडाची होडी स्वतः बांधली होती. मी शाळेतला ग्रंथपाल. पुढच्या फळीवर पुस्तक घेऊन बसायचो. तो सुकाणू धरून समोरचे दोन डोंगर बघायचा आणि त्यांच्यावरून पाण्याखालचं सांगायचा. धरण भरण्याआधी, आता बुडालेल्या त्या गावांतून तो सायकलने हिंडला होता. "मास्तर, आता शाळेवरून चाललो आपण. आमराई डाव्या हाताले."

मग काचबिंदूने डोंगर पुसले. त्याने शीड गुंडाळून गॅलरीत ठेवलं, होडी विकतो म्हणाला. मला ते सहन झालं नाही. मी जीपीएसचा दिशादर्शक पडदा आणला, त्याची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि तो सुकाणूसमोर बसवला.

"हा टीव्ही काहून लावून राहिला?"

"तुला डोंगर दिसत नाहीत म्हणून."

"अच्छा! म्हणजे डोळे तुझे अन् हात माझे."

कार्तिकात जलाशय काठोकाठ भरलेला असताना आम्ही एक मोठी फेरी मारली आणि तिची वाट मी यंत्रात साठवली. पुढे त्याने फक्त त्या रेषेवरून होडी न्यायची होती. "दिसते का?" मी विचारलं. "धागा दिसते. दोरी कर." पडद्यावर जागा कमी होती. मी होडीखालच्या पाण्याच्या खोलीचा आकडा काढून टाकला आणि रेषा जाड केली. "आता दिसली. चलो!" म्हणाला आणि लहान मुलासारखा हसला. ती वाट आमराईवरून गेली होती. भरल्या पाण्यात तिची भीती नव्हती, झाडांची खोडं खोल खाली होती.

ज्येष्ठात मला ताप होता. त्याचा फोन आला. "एकटाच चाललो आज. पाणी भलतंच उतरलं म्हणतात... रेषा तेच चालंल ना?"

मी म्हणालो, "रेषा उपग्रहाची आहे, वसंता. ती पाण्याबरोबर उतरत नाही."

वाक्य जमलं म्हणून मला बरंही वाटलं होतं. त्यातला शब्दन् शब्द खरा आहे, आणि त्यानेच वसंता गेला. पाणी उतरलं की खोडं वर येतात, हे त्याला माझ्याहून जास्त माहीत होतं. पण आमराई कुठे आली ते सांगणारे त्याचे डोंगर उरले नव्हते, आणि पाण्याची खोली मी पुसली होती. तेराव्याला वहिनींनी माझा हात धरला. "तुमच्यामुळं पुन्हा होडीवर जाता आलं त्यांना, भाऊजी." आकडा मी पुसला होता, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पडदा त्यांनी मलाच दिला. शहरातल्या राइट टाउन वस्तीतल्या माझ्या खोलीत तो पुस्तकांशेजारी आहे. रोज संध्याकाळी मी तो लावतो. वसंताची शेवटची वाट माझ्या रेषेवरून जराही न ढळता जाते आणि आमराईवर थांबते. परवा मी खोलीचा आकडा पुन्हा कोपऱ्यात आणला. इथे खाली पाणी नाही, म्हणून आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा येतात. मी त्यांच्याकडे बघत बसतो.