मुकादमिणीची हाक

आमची मुकादमीण बोलायला लागली की गल्लीच्या टोकाचं कुत्रं उठून बसायचं. मुकादमीण म्हणजे माझी बायको. ती यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची, मी तिथंच माग चालवायचो. खरा मुकादम दुसराच होता, पण लोक ऐकायचे हिचं. मागाच्या खडखडाटावर चढून बोलायची सवय लागली ती घरात, लग्नात, मयतीलासुद्धा सुटली नाही. दवाखान्यात नर्स म्हणाली, "मावशी, हळू." तर हिचं उत्तर, "हळू बोलायला काय चोरी केलीय का मी?"

भवानी पेठेत आमच्या शेजारी इरफान राहायचा. तो आणि त्याचे दोस्त पत्रे, पाइप, ड्रिल मशीन घेऊन गाणी करायचे. बँड म्हणे. पहिल्या अल्बमसाठी त्यांना मागाचा आवाज पाहिजे होता. मी म्हणालो, दिवसभर ज्यानं डोकं उठतं ते विकत घेऊन कोण ऐकणार? मुकादमीण म्हणाली, "वाजवू द्या की. कुणाच्या काचा तर फोडत न्हाईत."

मालकाला विचारून पोरांनी कारखान्यात माइक लावले. सगळ्यांनी गप्प राहायचं ठरलं. हिला कोण गप्प करणार? रेकॉर्डिंग चालू असताना ही दारातनं ओरडली, "अहो, बंद करा ते माग. चहा निवतोय." मी हँडल ओढत गेलो, एकेक माग थांबला. पोरांनी कपाळाला हात लावला. मग ते परत ऐकलं आणि इरफान म्हणाला, "काकू, गाणं इथंच संपतंय." तसंच ठेवलं. पुढं कुणी घरी आलं की ही सांगायची, "पोरांचं गाणं मी बंद केलं."

काही वर्षांनी अल्बम पुन्हा निघाला. कुणीतरी आवाज साफसूफ केला, त्यात हिची हाक गेली. इरफान सीडी द्यायला आला, मान वर करेना.

"मला काढलं व्हय रे?"

"काकू, कंपनीवाल्यांनी…"

"इतकी वर्षं माझा चहा पिताना लाज न्हाय वाटली, मग आता कशाला? बस. टाकते."

शेवटच्या आजारात तिचा आवाज बसला. माझे कान मागानं कधीच खाल्लेले. ओठ हलायचे, मला काही कळायचं नाही. मी नुसती मान डोलवायचो. काय म्हणत होती देव जाणे.

ती गेली. पहिल्या अल्बमची सीडी काढली तर चरे पडून बाद झालेली. इरफानला सांगितलं, मला तिची हाक पाहिजे. अल्बम तिसऱ्यांदा काढायचं त्यांचं चाललंच होतं. त्यानं मूळ रेकॉर्डिंग शोधलं आणि कॉम्प्युटरवर माग पुसून नुसता तिचा आवाज वेगळा काढला. हेडफोन माझ्या कानाला लावला. आवाज मोठा, एकेक शब्द स्वच्छ. पुढं काहीच नाही.

मी हेडफोन काढून ठेवला. "हे नको."

"का काका? एवढं साफ झालंय."

"ती हाक मारतीय आणि कुणी ओ देत न्हाय. माग घाल परत."

"मागात आवाज दबतो तिचा."

"दबू दे. ते माग थांबतात ना, तो मी हाय."

इरफाननं माग परत घातले.

आता ते माझ्या फोनमध्ये आहे. ती ओरडते, आणि माग थांबायला लागतात, एकामागून एक. शेवटचा थांबला की मी उठून चहा ठेवतो.