हात तेच, प्रश्न दुसरा

तुम्हीही हात वर केला होता ना? लाजू नका, मीही केला होता. भोंगेकाकांनी विचारलं आणि आख्ख्या वस्तीने मोबाइलवर हाताचं ते पिवळं चित्र टाकलं. आता मला सांगा, तुम्ही नेमक्या कोणत्या प्रश्नाला हात वर केला होता? शब्दन् शब्द आठवतोय? नाही ना. याच विसरण्यावर एकाने डाव साधला, आणि त्यात ज्याचं सगळं गेलं त्याच्याबद्दल मी लिहितेय. वाचायला वेळ नसेल तर शेवटचा परिच्छेद तरी वाचा.

नव्याने राहायला आलेल्यांना भोंगेकाका हे नाव ऐकून हसू येतं. तीनचाकी गाडीच्या टपावर लोखंडी कर्णा बांधून काका गल्लोगल्ली फिरायचे. उद्या पाणी येणार नाही, सर्कस आलीय, चादरींचा सेल लागलाय, निळा शर्ट घातलेलं पोर हरवलंय. अंगाने मूठभर माणूस, पण आवाज असा, की तळमजल्यावर खाकरले तरी गच्चीवर वाळत घातलेले कपडे हलावेत. रोज सकाळी मिठाच्या पाण्याने गुळण्या. थंड काही प्यायचं नाही. लग्नाच्या पंगतीत आइस्क्रीम आलं की वाटी काकूंकडे सरकायची. काकू म्हणायच्या, यांच्या घशापायी माझं वजन वाढलं.

काम घ्यायची त्यांची एक पद्धत होती. सांगणाऱ्याला समोर उभं करायचं, त्याचं वाक्य त्यालाच म्हणून दाखवायचं, त्याने मान डोलावली की पक्कं. मग त्यातला शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. एकदा चादरवाल्याने सकाळी ‘सगळा माल निम्म्या किमतीत’ असं सांगितलं आणि दुपारी म्हणाला, काका, सगळा नको, ‘निवडक माल’ म्हणा. दुसरा कुणी असता तर पुढच्या गल्लीपासून निवडक म्हणायला लागला असता. काकांनी गाडी वळवली आणि पहिल्या गल्लीपासून पुन्हा सुरुवात केली. ‘मघाशी सांगितलं ते चुकलं, आता नीट ऐका.’ चादरवाला कपाळाला हात लावून बसला. काकांचं त्यावर एकच उत्तर. माझ्या आवाजावर लोक घराबाहेर येतात, एवढीच माझी इस्टेट.

मग कर्ण्यावर बंदी आली. ती आली नसती तरी काय, पाणी कधी येणार हे लोकांना मोबाइलच सांगायला लागला होता. गाडी गेली. कर्णा तेवढा घरी राहिला आणि काकूंनी तो उलटा टांगून त्यात कांदे-बटाटे भरले. निदान आता यातून कामाचं काहीतरी निघतंय, असं त्या आल्यागेल्याला ऐकवायच्या. काका हसायचे, पण कांदा काढायची वेळ आली की स्वतः उठायचे नाहीत.

असं चाललं असताना आमच्या मैदानाचं प्रकरण निघालं. सगळ्यांचं म्हणून असलेलं ते एवढं एकच मैदान. पालिकेच्या साहेबांनी सांगितलं, की तिथे कुणी फिरकत नाही, जागा नुसती पडून आहे, म्हणून एका ठेकेदाराला देऊन जाळीबंद कोर्टं करायची. हिरवं प्लॅस्टिकचं गवत, दारावर पहारेकरी, आधी बुकिंग करा मग खेळा. माझं डोकं फिरलं. कुणी फिरकत नाही? संध्याकाळी खिडकीतून खाली बघायचं तरी. आम्ही ठरवलं, एका रविवारी आख्खी वस्ती मैदानात उतरवायची. भाषण नाही, घोषणा नाही. खेळायचं, बसायचं, घरचा डबा आणून खायचा. साहेबांनी मोजायला माणूस पाठवावा आणि त्याने मोजून दमावं.

पण लोकांना सांगणार कोण? काकांचे जावई पुढे आले. त्यांचं बॅनर छापायचं दुकान आहे, काकांची मुलगीच तिथे गल्ल्यावर बसते. जावई म्हणाले, मामा, पेज उघडू, तुम्ही फक्त बोला, बाकीचं आम्ही बघतो. सासऱ्याला ते मामा म्हणतात. गोड बोलण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पेजचा पासवर्ड काकांना सांगत होते तर काकाच म्हणाले, मला कशाला, तुमच्याकडेच असू द्या, घरातच आहे ना.

काकांचा पहिला व्हिडिओ ज्यांनी पाहिला ते अजून विसरले नसतील. अर्ध्या पडद्यावर नाकपुड्या, अर्ध्यावर छताचा पंखा, आणि ‘ऐका हो ऐका’ अशी आरोळी, की कित्येकांच्या हातून मोबाइल पडला. मुलीने समजावलं, बाबा, एवढं ओरडायचं नसतं, त्यात माइक असतो. काका म्हणाले, शेवटच्या घरापर्यंत जायला नको का? वस्ती त्या व्हिडिओवर लोळून लोळून हसली आणि हसता हसता पुढे पाठवत राहिली. मग जावयांनी रिकाम्या मैदानात काकांना उभं केलं, हात वर करायला लावून फोटो काढला आणि त्यावर लिहिलं : ‘रविवारी मैदानावर कोण कोण येणार? हात वर करा.’ लिहिण्याआधी काकांनी ते वाक्य नेहमीसारखं म्हणून दाखवलं आणि जावयांनी मान डोलावली. काकांच्या लेखी पक्कं झालं.

हात पडायला लागले. आणि काका काय करायचे, तर रोज एक व्हिडिओ काढून हातांना पोच द्यायचे. शेवटच्या गल्लीतल्या वहिनी, हात दिसला. इस्त्रीवाले, दिसला, पण येताना इस्त्री घरी ठेवा. पेन्शनर आजोबा, दोनदा हात केलात, येणार एकटेच ना? माणसं हात यासाठी करायला लागली, की काकांनी आपल्याला हाक मारावी.

रविवारी मैदान ओसंडलं. रस्सीखेच, पोत्यांची शर्यत, सतरंज्यांवर पत्ते, चाकाच्या खुर्चीतून आलेल्या आज्या. कर्णा नाही, माइक नाही. काका दोन्ही तळवे तोंडाभोवती धरून या टोकाचं त्या टोकाला पोचवत होते. मी या माणसाला आयुष्यभर पाहिलंय, पण इतकं उंच त्या दिवशीच पाहिलं. जावई शिडीवर चढून फोटो काढत होते. शिडी धरायला एक पांढऱ्या शर्टाचा माणूस होता. कोण म्हणून विचारलं तर म्हणाले, मित्र आहे, कॅमेऱ्याची हौस आहे.

पुढच्याच आठवड्यात पालिकेत बैठक. आम्ही छाती काढून गेलो. काका नवा सदरा घालून. समोर तोच पांढरा शर्ट बसला होता, ठेकेदाराचा माणूस म्हणून. साहेबांनी भिंतीवरच्या पडद्यावर आमचंच पेज लावलं. काकांचा फोटो तोच, वर केलेला हात तोच. वर लिहिलेलं होतं : ‘मैदानावर आधुनिक कोर्टं कोणाकोणाला हवीत? हात वर करा.’ आणि खाली आपले हात. वहिनींचा, इस्त्रीवाल्याचा, आजोबांचे दोन, माझा. संपतच नव्हते. त्याखाली रविवारच्या गर्दीचे फोटो.

साहेब म्हणाले, ही तर तुमचीच मागणी आहे.

मी टेबलावर हात आपटला, ओरडले, ही पोस्ट बदललीय. साहेबांनी शांतपणे सांगितलं, आधीची दाखवा. आधीची होती कुणाकडे? काकांचे व्हिडिओ पेजवरून गायब झाले होते. सगळ्यांनी मोबाइल चाळले, पुढे पाठवलेला नाकपुड्यांचा आरोळीवाला व्हिडिओ तेवढा सापडला, ते एक वाक्य कुणाकडे सापडेना. काका पडद्याकडे बघत होते. मला हळूच म्हणाले, अगं, बोललेलं बदलता येतं का?

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. पेजवरचं वाक्य मागाहून पुसून दुसरं लिहिता येतं आणि खालचे हात जागचे हलत नाहीत, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नसतं. जो माणूस एका ‘निवडक’साठी सगळ्या गल्ल्या पुन्हा फिरला त्याच्या डोक्यात ते येणार कुठून?

तिथून आम्ही थेट बॅनरच्या दुकानात गेलो. मोठं मशीन चालू होतं. एक एक रेघ ओढत कापड पुढे सरकवत होतं. आधी बोटांची टोकं आली, मग अंगठा. काकांचा उजवा अंगठा जरा वाकडा आहे, कर्ण्याचा स्क्रू आवळताना दुखावलेला. तो वाकडा अंगठा छापून बाहेर आला तेव्हा काका मशीनपाशीच उभे होते. हळूहळू सगळा हात आला. त्याखाली हिरवं गवत, आणि ‘लवकरच आपल्या सेवेत’.

“मामा, बसा ना. चहा सांगतो,” जावई म्हणाले.

“प्रश्न कुणी बदलला?”

“एक ओळ तर बदलली, मामा. हात लोकांनीच वर केलेत, मी थोडेच केलेत?”

“ते माझ्या प्रश्नाला केले होते.”

जावयांनी आवाज खाली आणला. कोर्टांच्या सगळ्या पाट्यांचं काम आपल्याला मिळालंय, मैदान काय तुमच्या नावावर होतं का, शेवटी घरातच येतंय ना, असं बरंच. काका त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते गल्ल्याकडे वळले. मुलगी बिलं लावत होती, लावलेलीच पुन्हा लावत होती.

“तू वाचलं होतंस, बाळा?”

तिने मान वर केली नाही. “बाबा, टाइप मीच केलं.”

माझ्या तोंडात शिव्या तयार होत्या. काकांनी माझा दंड धरून मला बाहेर आणलं. जाताना मशीन बंद करा म्हणालेसुद्धा नाहीत.

बाहेर वेगळंच वाढून ठेवलं होतं. बैठकीची बातमी वस्तीत आमच्याआधी पोचलेली. किराणावाला म्हणाला, काका, आम्हाला न विचारता आमचे हात विकलेत की हो. शेवटच्या गल्लीतल्या वहिनी आरडाओरडा करणाऱ्यातल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, “तुमचा आवाज होता म्हणून आले होते मी.” आणि दार लावलं. काकांना जावयाचं जेवढं लागलं नसेल तेवढं ते दार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुळण्या करून काका पहिल्या गल्लीत जाऊन उभे राहिले. गाडी नाही, कर्णा नाही. तळवे तोंडाभोवती. ‘मागे विचारलं ते बदललंय. मी ते विचारलं नव्हतं. आता नीट ऐका.’ चादरींच्या वेळी फिरले तसेच सगळ्या गल्ल्या फिरले. ऐकायला होतं कोण? खिडक्या बंद, कानात हेडफोन, ज्यांना ऐकू गेलं ते म्हणाले, म्हातारा आता सारवासारव करतोय. रोज फिरले. घसा फाटला तरी फिरले. शेवटी आवाज बसला तो बसलाच. डॉक्टरांनी बोलणं बंद करायला सांगितलंय. मुलीने फळं पाठवली, काकूंनी परत धाडली. एक मात्र केलं त्यांनी. कांदे-बटाटे टोपलीत ओतून तो कर्णा पुसून कपाटावर ठेवला.

काल मी त्यांच्याकडे बसले होते. म्हटलं, मी लिहिते, काय लिहू? त्यांनी मला जवळ बोलावलं, कानाशी येऊन कुजबुजत वाक्य सांगितलं. आणि मग बोटाने खूण केली, की म्हणून दाखव. मी म्हणून दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

तेच वाक्य जसंच्या तसं देते : ‘हात खाली करा.’ पालिकेचा निर्णय अजून व्हायचाय आणि तुमचा हात अजून तिथे वर आहे. आत्ता मोबाइल काढा, त्या पोस्टवर जा, आपला हात शोधा आणि पुसून टाका. जुन्या वाक्याचा फोटो चुकून कुणाकडे राहिला असेल तर मला आणून द्या. आणि काका वाटेत भेटले तर त्यांना बोलायला लावू नका. फक्त सांगा, की काका, ऐकू आलं.