सतराव्या जाकिटातला खिसा

खालच्या मजल्यावरची सून मला पहिल्यांदा भेटली तेव्हा ती जिन्यात डोळे मिटून उभी होती. हातात भाजीची पिशवी, पाठ भिंतीला टेकलेली. बिचारीला चक्कर आली असणार, असं वाटून मी घाईघाईने चार पायऱ्या उतरले, तर डोळे न उघडताच म्हणाली, "वरच्या काकू. डाव्या चपलेचा अंगठा सैल झालाय तुमचा."

झालाच होता.

हा तिचा खेळ. लग्न होऊन आल्याला जेमतेम दोन महिने झाले होते आणि तेवढ्यात तिने अख्ख्या इमारतीची पावलं पाठ केली होती. संध्याकाळी नवरा-बायको दाराआड उभे राहून पैज लावायचे, कोण चढतंय म्हणून. हरेल त्याने भांडी घासायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांच्या लिफ्टखाली वाकून यायचा आणि घरी आल्यावर बहुतेक वेळा भांड्यांवर वाकायचा. आमच्या इमारतीत लिफ्ट नाही, याचं दुःख न वाटणारी ती एकटीच. "लिफ्ट आली की माझं जिंकणंच बंद," म्हणायची.

पण तिचा खरा छंद म्हणजे चोरखिसे.

कुणाचाही कपडा हाताशी आला की त्यात कुठेतरी ती एक छोटासा खिसा शिवून टाकी. सुईदोऱ्याने, इतक्या बारीक टाक्यांनी, की पत्ता लागू नये. आत काहीतरी ठेवायची, एखादी लवंग, बटण, नाहीतर चिठ्ठी. आणि नियम एकच, सांगायचं नाही. ज्याचा त्याने शोधायचा. नवऱ्याच्या कामाच्या पँटमधला पहिला खिसा त्याला तीन आठवड्यांनी सापडला, तोही कुठल्यातरी इमारतीच्या तळघरात. आत चिठ्ठी होती, "सापडला? मग आजचा चहा तू कर." तो तिथेच एकटा हसत बसला आणि वरून लोक ओरडत राहिले, लिफ्ट सुरू होतेय की नाही म्हणून. माझ्या कापडी पिशवीतला खिसा मला चार महिन्यांनी सापडला. आतली गोळी वितळून अस्तराला अशी चिकटली होती की ती पिशवी अजून गोड लागत असेल. तेव्हापासून मी तिला खिसेवाली म्हणायला लागले, आणि मग सगळेच.

खिशांना लागणारं कापड तिला सासूकडून मिळायचं. सासू कपडे शिवायची. तीस वर्षं. आमच्या गल्लीत कुणाचं लग्न असो, शाळा असो, नवी नोकरी असो, माप तिच्याच खोलीत दिलं जायचं. खिडकीपाशी काळं जुनं मशीन, भिंतीला खिळ्यावर लटकवलेल्या कात्र्या, कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल. सून आली त्या आठवड्यातच सासूने कायदा सांगून टाकला होता. "कात्रीखाली पडेल ती चिंधी तुझी. मशीन माझं. बोट लावायचं नाही."

खिसेवालीला मशीनवर बसायची फार हौस. कधी सासू बाजारात गेली की ती नुसती त्या स्टुलावर बसायची, पाय मशीनच्या पायडलवर न टेकवता, अधांतरी धरून. एकदा मीच पाहिलं. "चालवलं नाही हं काकू," ती म्हणाली. "नुसती बसून बघत होते, इथून काय काय दिसतं."

इथून काय दिसतं, ते तिला माझ्याआधी कळलं होतं. सासूला तिथून दिसत नव्हतं.

मावशी (मी सासूला मावशी म्हणते) हे कबूल करायला तयार नव्हत्या. सुई ओवायला दोन-चार वेळा चुकलं की दोष दोऱ्याचा. "हल्ली दोरा कसला देतात, नुसता कापूस." मग सुईचा. मग दिव्याचा. एक दिवस तर खिडकीच्या काचेलाच बोल लावला, म्हणे काच जुनी झाली की उजेड अडवते. काच सुनेने पुसली. उजेड तेवढाच राहिला.

त्यानंतर थंडी सुरू झाली तेव्हापासून सुनेने एक गोष्ट चालू केली. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ती सात सुया ओवून, गाठ मारून, सुया टोचायच्या छोट्या उशीत ओळीने लावून ठेवी. मशीनच्या सुईतही दोरा घालून ठेवी. मशीनला तिने लावलेलं बोट तेवढंच. संध्याकाळी सातही सुया रिकाम्या. सासूने कधी विचारलं नाही, हिने कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी नदीकाठच्या हॉटेलातून नेहमीचं काम आलं, वेटरांची चोवीस जाकिटं. गडद हिरवी, आतून त्याच रंगाचं अस्तर. मावशींच्या घराचा वर्षाचा कणा म्हणजे ते काम. पण या खेपेला मॅनेजरने कापडाबरोबर एक वाक्यही पाठवलं होतं. कारखान्यात तयार मिळणाऱ्या जाकिटांचा नमुना मागवलाय, पुढच्या वर्षी बघू. मावशी त्या दिवशी चहा प्यायला विसरल्या. एवढं सांगितलं की पुरे.

तीन आठवडे मशीन चाललं. काज, बटणं आणि इस्त्री सुनेकडे. शेवटच्या दुपारी सगळी जाकिटं इस्त्री होऊन टांगलेली, अस्तराचा तळहाताएवढा तुकडा उरलेला, सासू घडीभर आडवी झालेली. खिसेवालीचे हात शिवशिवले. तिने ओळीतलं सतरावं जाकीट काढलं. का सतरावं, तर शेवटून आठवं होतं आणि आठ तिचा आवडता आकडा. डाव्या बगलेखाली, अस्तराच्या आत, दोन बोटं मावतील एवढा खिसा शिवला आणि आत चिठ्ठी घातली, "आज तुमचे पाय दुखणार नाहीत."

"मला वाटलं, सापडेपर्यंत वर्ष जाईल," ती नंतर मला म्हणाली. "तोपर्यंत मी काहीतरी निमित्त काढलं असतं."

खिसा तिसऱ्या दिवशी सापडला.

मॅनेजरचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते, वाचून झालेला पेपर खाली द्यायला गेले होते. मावशींनी फोन ठेवला आणि सुनेकडे पाहिलं.

"मी विचारू, का आपण होऊन सांगतेस?"

"सतरावं," ती म्हणाली.

"अगं, घरातल्यांच्या कपड्यात शिवतेस, शिव. ह्या वरच्या बाईच्या पिशवीत शिव. गिऱ्हाइकाच्या कपड्यात? वेटरच्या कोटाला आतून चोरखिसा! तो काय म्हणाला माहितेय? 'माझ्या माणसांना काय शिकवताय?' म्हणाला. तीस वर्षांत माझ्या कामाला कुणी असं बोललं नव्हतं."

खिसेवाली एरवी बोलण्यात हार जाणारी नव्हे. त्या दिवशी तिने नुसती हातातली सुई उशीत टोचली.

"ओढणी घे," मावशी म्हणाल्या. "त्याने आत्ताच्या आत्ता बोलावलंय. माफी मागायची आणि उसवून यायचं. आणि तिथे एक अक्षर बोलायचं नाही तू."

पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलं, सगळ्यांचे आवाज काढून सांगितलेलं.

मॅनेजरची खोली जिन्याखाली होती, एक पिवळा दिवा आणि एक टेबल. सतरावं जाकीट टेबलावर पालथं पडलेलं. दाराशी ते ज्याचं होतं तो वेटर, केस पिकलेला माणूस, हात मागे बांधून उभा. मॅनेजर म्हणाला, "उसवा. माझ्यासमोर. नुसतं 'घरी नेते' चालणार नाही."

मावशींनी पिशवीतून टाके उसवायची टोकदार पाती काढली. हिरव्या अस्तरावर हिरवा दोरा, टाके खिसेवालीचे, आणि उजेड तो तसला. मावशी वाकल्या. आणखी वाकल्या. बोटाने टाका चाचपू लागल्या. पातीचं टोक टाक्यावर नव्हतं, शेजारच्या सरळ कापडावर होतं. आता एक दाब, की अस्तर टरकन फाटणार, मॅनेजरच्या नाकासमोर. आणि "थांबा आई, तुम्हाला दिसत नाहीये" म्हटलं, तर अस्तर वाचेल पण काम जाईल. आंधळ्या हाताला कपडे कोण देणार?

"पाती चुकीच्या जागी सरकताना दिसत होती काकू," ती म्हणाली. "आणि एक अक्षर बोलायचं नाही असा हुकूम."

तिने हुकूम मोडला.

"आई, तुम्ही का उसवताय? चूक माझी आहे. शिक्षा मलाच द्या. साहेबांसमोर मलाच करू द्या."

मावशींचा हात पातीवर तसाच. मग त्यांनी पाती तिच्यापुढे टेबलावर ठेवली, जरा आपटूनच. "बरोबर आहे. ज्याने शिवलं त्याने उसवावं. आणि एक धागा ओढला गेला तर घरी गाठ माझ्याशी आहे."

तिने अकरा मिनिटांत खिसा उतरवला. अस्तरावर खूण उरली नाही. खिसा रिकामाच होता.

"चिठ्ठी माझ्याकडे आहे," दारातून वेटर म्हणाला. "ती पण परत द्यायची का?"

"कसली चिठ्ठी?" मॅनेजरने हात पुढे केला. चिठ्ठी वाचली. उलटून मागे पाहिलं, पुन्हा वाचली. "मग? दुखले नाहीत?"

"दुखले, साहेब. पण रोज जेवणाच्या वेळीच सुरू होतात. त्या दिवशी सुरू व्हायला संध्याकाळ झाली."

मॅनेजरने चिठ्ठी त्याला परत दिली. मग जरा चाचरत मावशींना म्हणाला, "बाई, कालपासून मी बाकीची तेवीस जाकिटं उलटी करून बसलोय. आणखी खिसे आहेत का बघायला. इतकी वर्षं तुमचं काम घेतोय, पण आतून कधी पाहिलं नव्हतं. आतूनही बाहेरच्यासारखंच आहे हो." टेबलाखालून त्याने कारखान्याचं नमुन्याचं जाकीट काढलं, उलटं केलं. आत दोरे लोंबत होते. "हे मी परत पाठवतोय. दाराशी स्वागताच्या टेबलावर बसणाऱ्या आमच्या माणसांसाठी सहा कोट हवेत, लांब बाह्यांचे. तीन महिन्यांत होतील? खिशांशिवाय?"

"होतील," मावशी म्हणाल्या.

आणि पिशवी उचलून चालू लागल्या.

दोघी जिना चढताना मला ऐकू आल्या. कठड्याशी मी उभी होते, कपडे वाळत घालायचं निमित्त हातात. पहिल्या वळणावर मावशी थांबल्या.

"सुया कधीपासून ओवतेस?"

"थंडी सुरू झाली तेव्हापासून."

"सातच का?"

"तुम्हाला दिवसाला सात लागतात."

"आठ लागतात." मावशींनी श्वास घेतला. "आठवी मी पेपर परत द्यायच्या निमित्ताने वर घेऊन जाते. ही वरची बाई ओवून देते. चार महिने झाले, बिचारी कुणाजवळ बोलली नाही."

मी कठड्यापासून मागे सरकले. खिसेवालीने मान वर न करताच हाक मारली, "काकू, पाय दुखतील उभं राहून. या खाली."

गेले. काय करणार? मावशी पायरीवरच बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. "सहा कोट," त्या म्हणाल्या. "होतील म्हणून आले मी. कुणाच्या जिवावर?"

"डॉक्टरांकडे जाऊ या आई."

"आणि ते म्हणाले, मशीन सोडा, तर?"

हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं, म्हणून तर काच, दोरा आणि दिवा. खिसेवाली त्यांच्या शेजारी बसली. "म्हणू देत. ऐकून तर येऊ. मग दोघी मिळून नाही ऐकायचं."

मावशींना हसू आलं ते त्यांनी दाबलं, पण खांदे हलले.

डॉक्टरांनी मशीन सोडा म्हटलं नाही. मोतीबिंदू म्हणाले, दोन्ही डोळ्यांत, आधी एक काढू, मग दुसरा. मधले सगळे आठवडे मशीनला हात लावायचा नाही. तेव्हा मावशींनी स्वतःच स्टूल सुनेकडे सरकवलं. आपण शेजारी खुर्ची टाकून बसल्या, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काही नाही. आणि मग आम्हाला कळलं की पावलं ओळखणारी त्या घरात एकटी सून नव्हती.

"दोरा सैल आहे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मशीन खोकतंय. वरचा स्क्रू अर्धा फिरव. हां. आता वळणावर घाई केलीस."

"नाही केली!"

"केलीस. आवाज पळाला."

मावशींचा लिफ्टवाला मुलगा कामावरून आला की दारातून विचारायचा, "आज कोण कुणाला ओरडलं?" आणि उत्तराची वाट न बघता भांड्यांकडे वळायचा. पहिले दोन कोट तीनदा उसवले. चौथ्यापासून आवाज पळेनासा झाला.

दुसऱ्या डोळ्याचं झालं, चष्मा उतरला, आणि मावशींनी सहाही कोट खिडकीपाशी एकेक करून उलटे केले. मी मुद्दाम खाली गेले होते. खिसेवाली इस्त्रीच्या टेबलाला टेकून, शाळेत निकाल ऐकायला उभी राहावी तशी. पहिला कोट झाला. दुसरा. तिसऱ्याच्या बाहीपाशी मावशी थबकल्या. सुनेला जवळ बोलावलं.

"हा टाका वाकडा आहे."

"कुठे? मला तर नाही दिसत."

"हा बघ. केसाएवढा." मावशींनी नखाने दाखवला आणि आमच्या दोघींकडे अशा तोऱ्यात पाहिलं की बस्स. "मला दिसतोय."

खिसेवाली आनंदाने उसवायला बसली. मावशींनी उशीतली सुई उपसली, दोरा ओठांत ओला केला आणि एका फटक्यात ओवून तिच्यापुढे धरली.