ट्रक हवा कुठून घेत होता

लग्न होऊन मी भवानी पेठेतल्या आमच्या घरी आले, तेव्हा दाराशी एक ट्रक उभा असायचा आणि सगळ्या घराचं पोट त्याच्यावर होतं. सासऱ्यांचा मंडपाचा धंदा. बांबू, कनाती, सतरंज्या, मोठमोठी पातेली ट्रकमध्ये भरून माझा नवरा लग्नघरी पोचवायचा. ट्रक एकूण किती चालला होता हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याचा किलोमीटरचा काटा मी यायच्या आधीच बंद पडला होता. मी टेलिफोन खात्यात तक्रार विभागात होते. कुणाचा फोन बंद पडला की दोष नेमका कुठे आहे ते तपासायचं आणि लाइनमनला तिथे पाठवायचं, हे माझं काम.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. ऐन लग्नसराईत ट्रक त्रास द्यायला लागला. सकाळी चटकन सुरू होईना. इंजिनाशेजारच्या हातपंपानं डिझेल ओढून घ्यावं लागे, मग कुठे तो धडधडायचा. पुढे तर रस्त्यातच बंद पडू लागला. वाघोलीच्या एका लग्नात आमचं सामान पोचलं तेव्हा वऱ्हाड झाडाखाली बसलं होतं. नवरीचे वडील सासऱ्यांना शांतपणे म्हणाले, "या, या. मंडप उतरवायला आलात ना?" त्या दिवशी सासरे घरी येऊन जेवलेच नाहीत.

आमचे मिस्त्री जुने, हात चांगला असलेले. त्यांनी डिझेलचे फिल्टर बदलले, पंप काढून तपासून आणला. फरक पडला नाही. मग एका रविवारी हात पुसत ते सासऱ्यांना म्हणाले, "वय झालं हो त्याचं. इंजिन उघडावं लागेल. तीन आठवडे धरा."

सासरे पायरीवर बसले. तीन आठवडे ट्रक नाही म्हणजे हंगामच गेला. मी चहा घेऊन बाहेर आले होते, ती तिथेच थांबले.

"मिस्त्री, दोष इंजिनातच आहे हे कशावरून?"

"वहिनी, हा ट्रक आहे. टेलिफोन नाही."

"म्हणून तर विचारते. आमची तार मैलभर जमिनीखाली असते. तुमची नळी तर समोर दिसते आहे."

नवरा खाली मान घालून हसला. मिस्त्रींनी कप उचलला. "बरं, करायचं काय?"

"आमच्याकडे फोन बंद पडला की आधी पाहतात, दोष घरात आहे की बाहेरच्या तारेत. इथे इंजिन म्हणजे घर आणि टाकीपासून येणारी नळी म्हणजे तार. आधी तेवढं ठरवू."

"अब्बा, करून बघू का?" मी सासऱ्यांना विचारलं.

"बघ बेटी. एका रविवारानं काय होतंय," ते म्हणाले.

माझा पहिला अंदाज साफ चुकला. मला वाटलं, टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल, हवा आत जात नसेल, म्हणून डिझेल ओढलं जात नसेल. झाकण सैल ठेवून नवरा ट्रक घेऊन निघाला, पण मांजरी गावाच्या अलीकडे ट्रक बंद पडला आणि तो दोन तासांनी परत आला. मिस्त्रींनी माझ्याकडे ‘सांगितलं होतं ना’ अशा नजरेनं पाहिलं. मला मात्र वाईट वाटलं नाही. एक जागा तपासून झाली होती, आता तिकडे परत बघायचं कारण उरलं नव्हतं.

मग मी डिझेलचा डबा टपावर ठेवायला सांगितला. टाकीची नळी सोडवून डब्यातून रबरी नळीनं थेट पंपाला डिझेल दिलं. ट्रक पहिल्याच फटक्याला सुरू झाला. अर्धा तास चालवला, बंद केला, पुन्हा सुरू केला. एकदाही अडला नाही. मिस्त्री कान देऊन ऐकत होते. "इंजिन ठीक आहे," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

म्हणजे दोष टाकी आणि पंप यांच्या मधे होता. नवऱ्यानं सायकलवरून बुधवार पेठेत जाऊन हातभर पारदर्शक नळी आणली. ती आधी पंपाच्या तोंडाशी जोडली. इंजिन सुरू केलं तर डिझेलबरोबर बुडबुडे पळताना दिसले. ट्रक कुठून तरी हवा ओढत होता. मग तीच नळी मधल्या जोडावर लावली. तिथे एकही बुडबुडा नाही.

"पुढचा अर्धा भाग, जोडापासून पंपापर्यंत," मी म्हणाले.

मिस्त्री न सांगता ट्रकखाली शिरले. पाच मिनिटांनी आतून आवाज आला, "सापडलं!" जिथे नळी पट्टीनं चेसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला आवळली होती, तिथे घासून घासून केसाएवढी चीर पडली होती. डिझेल बाहेर गळत नव्हतं, म्हणून कुणाला दिसलं नव्हतं. इंजिन चालू असताना मात्र तिथून हवा आत जायची. मिस्त्री बाहेर आले, तो तुकडा माझ्या हातात ठेवला आणि सासऱ्यांना म्हणाले, "मी उगाच इंजिन उघडलं असतं." एवढं मोकळेपणानं कबूल करणारा माणूस मला ऑफिसात क्वचितच भेटला.

संध्याकाळपर्यंत नवी नळी बसली. हंगाम पार पडला. त्यानंतर ट्रकनं जरा वेगळा आवाज काढला तरी सासरे मी ऑफिसातून यायची वाट पाहत आणि मिस्त्रीही हात न लावता थांबत.

चार-पाच वर्षांनी ट्रक निळा धूर सोडायला लागला, इंजिनातलं तेल दर आठवड्याला कमी होऊ लागलं. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी दोन रविवार तपासलं. तेल बाहेर कुठे गळत नव्हतं, म्हणजे आतच जळत होतं.

"या वेळी दोष घरातच आहे," मी म्हणाले. "उघडा इंजिन."

मिस्त्रींनी पाना उचलला आणि कामाला लागले.