बरणीतला हात

मी अग्निशमन दलात असताना एका दुपारी कोथरूडहून वर्दी आली. एका आजोबांचा हात लोणच्याच्या बरणीत अडकला होता. गाडीत आम्ही चौघंही पोट धरून हसलो.

दार शेजारणीने उघडलं. आजोबा स्वयंपाकघरात, चिनी मातीची बरणी मांडीवर घेऊन बसले होते.

"आपलं हसून झालं असेल तर या आत," ते म्हणाले.

मी हातोडी काढली. एका फटक्याचं काम होतं. त्यांनी बरणी पोटाशी ओढली.

"फोडायची नाही. हिने घातलेलं शेवटचं लोणचं आहे. चमच्याला येईना, म्हणून हात घातला."

बायको जाऊन चार महिने झाले होते, हे शेजारणीने मला हळूच सांगितलं.

मी हातोडी ठेवली आणि मनगटाभोवती गोडं तेल सोडत राहिलो. पाऊण तासाने हात सुटला, लालबुंद सुजलेला. बोटांत लिंबाची एकच फोड होती. ती त्यांनी खाल्ली नाही. पुन्हा बरणीत सोडली आणि शेजारणीकडून वर फडकं बांधून घेतलं.

मग म्हणाले, "चहा टाकतो. मला फारसा जमत नाही."

चहात साखर घालायची राहिली होती. आम्ही चौघांनी तो तसाच संपवला.