साडूभाऊंचं डुकर

गॅसचा वास नाकाने आणि पेट्रोलचा वास कानाने घेणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझा साडू लागतो. हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. कुणाच्याही घरी गेले की साडूभाऊ यजमानांना नमस्कार करण्याआधी त्यांच्या सिलिंडरला करतात. वाकून रेग्युलेटर हुंगायचा, नळी चिमटीत धरून दाबायची, मग समाधानाने मान डोलवायची आणि त्यानंतर विचारायचं, "काय, बरं हाय ना सगल्यांचं?" एकदा विरारला एका भाच्याच्या वास्तुशांतीत त्यांनी दारातच नाक वर केलं आणि हात पसरले. "कोनी बटन दाबू नका! सगले खाली!" भटजींसकट अख्खी पंगत पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिली. वर पुऱ्या चामट झाल्या, श्रीखंडाला पाणी सुटलं. साडूभाऊ एकटेच घरात फिरून आले आणि जिन्यावरून जाहीर केलं, "गॅस नाय, मुला हाय. शेजारी भाजी करतायत." चेहऱ्यावर ओशाळलेपणा औषधालाही नाही. उलट मुळ्याने त्यांना फसवण्याचा कट केल्यासारखे ते शेजाऱ्यांच्या दाराकडे बघत होते.

हे सगळं नोकरीमुळे. साडूभाऊंच्या गावाच्या, जूचंद्रच्या, मागच्या शेतांखालून इंधनाची एक जाडजूड लाइन जाते. वरून पाहाल तर चार पिवळे खांब आणि त्यांना अंग घासणाऱ्या म्हशी; खालून मात्र अख्ख्या शहराच्या गाड्या पळतील एवढं डिझेल वाहत असतं. ही लाइन आतून स्वच्छ ठेवायची, हे साडूभाऊंचं काम. त्यासाठी लाइनच्या एका टोकाने एक यंत्र आत सोडतात. अंगाला ब्रश, कडेने रबराच्या चकत्या. मागच्या तेलाच्या दाबाने ते पुढे सरकत जातं, वाटेतला गंज, मेण, साचलेलं पाणी खरवडत दुसऱ्या टोकाला बाहेर पडतं. साहेब लोक त्याला 'पिग' म्हणतात. साडूभाऊंनी पहिल्या दिवशीच त्याचं भाषांतर करून टाकलं आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडी 'डुकर' याशिवाय दुसरा शब्द नाही. "आज डुकर सोडलंय," असं ते ज्या जिव्हाळ्याने सांगतात, त्या जिव्हाळ्याने लोक पोराला परीक्षेला सोडल्याचं सांगत नाहीत.

जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांचं एकच औषध: "मागून दाब पायजे, आन् पुढं वाट मोकली पायजे." पोट बिघडलं, लागू. पोरगं नापास झालं, लागू. आमच्या किचनचा नळ करंगळीएवढा वाहायचा, तेव्हा त्यांनी गच्चीवरच्या पाइपात स्पंजचा बोळा कोंबून टाकीचा पंप सुरू केला आणि मला नळाखाली पातेलं धरून बसवलं. बोळा काही आला नाही. पुढे कधीतरी, मी तो विसरूनही गेलो असताना, तो सोसायटीच्या सेक्रेटरींच्या बाथरूमच्या नळातून तोफेच्या गोळ्यासारखा सुटला आणि साबणाने डोळे मिटून बसलेल्या त्या सज्जन गृहस्थांच्या छातीवर आदळला. साडूभाऊंना कळलं तेव्हा ते आनंदाने उडाले. "म्हंजे पोचला ना!"

पण मला सांगायचंय ते त्या रविवारचं.

त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, म्हणजे आमच्या भाचीने, ऑफिसातला एक मुलगा पसंत केला होता. मुलगा विरारचा, घरचे मूळचे साताऱ्याकडचे, आणि आईवडील दोघेही कडक माळकरी. कांदालसूणसुद्धा घराबाहेर. भाचीने वर्षभर खपून त्यांना एकदाचं जूचंद्रला यायला राजी केलं होतं. ताईने आदल्या दिवसापासून नवऱ्याला पढवलं. "नोकरी विचारली तर 'पाइपलाइनमध्ये' एवढंच म्हणायचं. तो शब्द काढायचा नाही." साडूभाऊंनी देवाची शपथ घेतली. घ्यायला काय जातंय? त्या दिवशी पहाटे डुकर लाइनीत सुटलेलं होतं, ड्युटी दुसऱ्याला दिलेली होती आणि फोन शर्टाच्या खिशात होता.

पाहुणे आले. बिनकांद्याचे पोहे झाले. मुलाचे वडील मोठे शांत गृहस्थ, आयुष्यभर लांब पल्ल्याची बस चालवलेले. भाची चहाचा ट्रे घेऊन दारात आली, आणि खिसा वाजला.

"हॅलो! काय? अजून आलंच नाय?" साडूभाऊ ताडकन उभे. "सकाली सोडलंय ना? मग अडकलं कुठं डुकर?"

मुलाच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवली.

"अरे, घाबरू नका! मागून जोर द्या! पोटात घान साठली असंल त्याच्या. फाडायला नको, आताच कापायचं नाव काढू नका!"

वडिलांचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. ताईने पदर तोंडात कोंबला.

"पाव्हणं," मुलाचे वडील फार सावकाश म्हणाले, "आपला हा... जोडधंदा आहे का?"

"जोडधंदा नाय," साडूभाऊ चपला शोधत म्हणाले, "मेन धंदा हाच. तुम्ही बसा, पोहे खा. मी डुकर बघून आलो." आणि माणूस खरोखर मागच्या दाराने निघून गेला!

मी घाईघाईने रबर, ब्रश, डिझेल असं काहीतरी सांगायला लागलो. पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडून ते इतकं खोटं वाटत होतं की माझाच विश्वास बसेना. मुलाची आई पर्स आवरू लागली. भाचीने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा रबरापासून सुरुवात केली. तेवढ्यात वडील उठले. "कसलं जनावर हाय ते बघून तरी येतो," म्हणाले. मग मी, ते, मुलगा आणि मागोमाग भाची, अशी ती वरात शेताच्या बांधावरून निघाली.

साडूभाऊ पिवळ्या खांबाशी गुडघ्यांवर बसले होते. जमिनीत लोखंडी सळई खुपसलेली, तिच्या वायरीचे हेडफोन कानांना. एवढा गडगडाटी माणूस, पण कोपऱ्यात उभं केलेल्या पोरासारखा दिसत होता. "कायच नाय आयकू येत," ते म्हणाले. "अडकलं असंल तर लाइन बंद. पाइप कापायला लागंल." मग भाचीकडे लक्ष गेलं आणि आवाज आणखी खाली गेला. "आन् तुझ्यापन वाटंत आज मीच बोला कोंबला ना गो?"

"काय नाय, पप्पा," ती म्हणाली. पण डोळे भरलेले होते.

मुलाच्या वडिलांनी एव्हाना सळई पाहिली, वायर पाहिली. "आवं, म्हंजे मशीन हाय व्हय ते!" म्हणत त्यांनी धोतर सावरलं आणि चिखलात बसकण मारली. "द्या इकडं. इंजिन आजारी असलं की मला डायव्हरच्या सीटखालनं कळायचं." हेडफोन लावून त्यांनी डोळे मिटले. आम्ही सगळे श्वास रोखून. एक म्हैस तेवढी रवंथ करत होती, तिच्याकडेही साडूभाऊंनी दटावून पाहिलं.

"घरघर हाय," ते म्हणाले. "लांब हाय. चढाला लागल्यागत... थांबा. टक् झालं. परत टक्."

"सांधे!" साडूभाऊ किंचाळले. "पाइपाचा सांधा आला की ते टक् करतं!" एक हेडफोन याच्या कानाला, दुसरा त्याच्या. दोन टकली एकमेकांना चिकटली आणि चेहरे हळूहळू पूर्वेकडून पश्चिमेकडे वळत गेले, जणू पायाखालून देवाची पालखी चालली होती. मग दोघे एकदम ओरडले, "गेलं!"

साडूभाऊंनी व्याह्यांना चिखलासकट मिठी मारली. व्याही म्हणायला अजून कुणी होकार दिला नव्हता, पण त्या मिठीनंतर नकार द्यायला कुणाची छाती झाली असती? घरी मुलाची आई उंबऱ्यात पर्स घेऊन उभी होती. "गेलं का ते?" तिने विचारलं. "गेलं, लई गुळगुळीत गेलं," नवरा म्हणाला, "अगं, रबराचं हाय ते." "मग आधी सांगायचं की!" ती म्हणाली. ताई म्हणाली, "सांगायला यांचं तोंड रिकामं कुठे होतं?" आणि हसता हसता रडली. गार झालेला चहा पुन्हा गरम झाला. असा चहा मी जन्मात प्यायलेलो नाही. इतकं हलकं वाटलं, की खुर्चीला धरून बसावं लागलं.

लग्नानंतर वरातीची गाडी थेट साताऱ्याकडे, गावच्या देवाला निघाली. सगळे रडले, साडूभाऊ नाही. ते मांडवात फोन हातात धरून खुर्चीवर बसले. गाडीतून व्याह्यांचा पहिला मेसेज आला. पनवेलजवळ लिहिलेला, एकच शब्द: टक्. मग लोणावळ्याहून एक टक्. पुण्याहून एक. प्रत्येक वेळी साडूभाऊ मान हलवत आणि पुन्हा खांदे ताठ करत. दिवेलागणीला भाचीचाच फोन आला, "पोचले, पप्पा." तेव्हा त्यांनी जो श्वास सोडला, त्याने मांडवाची झालर हलली.

आता तीही 'हॅलो' म्हणत नाही. फोन उचलला की पलीकडून "टक्" येतं, साडूभाऊ म्हणतात, "आयकलं." पाच मिनिटं बोलणं होतं आणि ती ठेवते. परवा मी तिथेच होतो. तिने फोन ठेवून बराच वेळ झाला तरी यांच्या कानाला तो तसाच.

"साडूभाऊ, बंद झालाय तो."

"म्हाईत हाय," ते हळूच म्हणाले. "गेल्यावरपन थोडा वेल आयकू येतं."