कावळा भात नको म्हणाला तर

दुसऱ्या मुलीनंही शब्दन् शब्द पहिलीचंच उत्तर दिलं. स्टुडिओतला लाल दिवा चालू होता. म्हणजे आम्ही लाइव्ह होतो. बोललेला शब्द त्याच क्षणी मद्रासभर जाणार.

मी रेडिओवर मुलांचा तमिळ कार्यक्रम करायचे, कंत्राटावर. ते पुढे वाढवायचं की नाही, हे आज ठरणार होतं. म्हणून तर काचेपलीकडे आमचे साहेब, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले राव, स्वतः येऊन बसले होते.

आयडिया माझीच. इकडे घरोघरी जेवणाआधी कावळ्याला भात ठेवतात. ‘उद्या कावळा भात नको म्हणाला तर?’ एवढंच विचारायचं, पुढचं मुलांनी रचायचं. पण आमच्याकडे स्क्रिप्ट उत्तरांसकट आधी मंजूर व्हावी लागे. म्हणून प्रश्न शाळेला कळवला. शाळेतल्या बाईंनी इमानेइतबारे एकच उत्तर लिहिलं आणि सगळ्यांकडून घोकून घेतलं.

आता तिसरा मुलगा माइकपाशी आला. “कावळा आपला मित्र आहे. तो घाण खाऊन गाव स्वच्छ ठेवतो.”

झालं कल्याण. काचेपलीकडे रावांनी चष्मा काढला. आता राहिली एकटी चौथी मुलगी, विशालाक्षी. तिचे ओठ आधीपासूनच पुटपुटत होते.

मी तिला अडवलं. “थांब. कावळा इथं खिडकीत आलाय. भात ढकलून दिलाय त्यानं. काय हवंय गं त्याला?”

ती गप्प. अशा शांततेला आम्ही डेड एअर म्हणतो. घरी ऐकणाऱ्याला वाटतं, सेट बिघडला. मला वाटलं, नोकरी गेली.

“कॉफी,” ती हळूच म्हणाली. “सकाळची मिळाली नाही, म्हणून रुसलाय. आमची आजी अश्शीच करते.”

“मिळाली होती, पण पाणचट होती,” तिसरा मुलगा मध्येच म्हणाला. मग काय, कावळ्याची गाऱ्हाणी संपेनात.

दिवा विझल्यावर राव आत आले.

“काय हो बाई, कावळ्याला कॉफी कुणी मंजूर केली?”

“कुणीच नाही, सर.”

“माझी आई घरी ऐकत होती. आता विचारेल, माझं कॉफीचं गाऱ्हाणं रेडिओवर कुणी सांगितलं म्हणून.” आणि ते हसले.

कंत्राट वाढलं. मंजुरीचा नियम तसाच राहिला. त्यानंतर उत्तरं मीच लिहून फाइलला लावू लागले, आणि मुलांना त्यातलं अक्षरही सांगत नसे. मुलांनी काही कल्पावं असं वाटत असेल, तर प्रश्न आधी मोठ्यांच्या हाती देऊ नये.